आयलीन रिगिन – खंदकात सूर मारणारी मुलगी



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या पूलवर लेकीच्या स्विमिंग क्लासची पुढची लेव्हल सुरू झाली. या लेव्हलला डायव्हिंग बोर्डवरून सूर मारायचा असतो. बाईसाहेब बोर्डच्या टोकापर्यंत गेल्या, खाली डोकावून पाहिलं आणि शांतपणे चालत परत आल्या. दोन शनिवार हाच कार्यक्रम. मी स्वतः आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. सूर वगैरे नंतर, आधी मामाने मागून ढकललं आणि मुटका आपोआपच बसला. ती पद्धत इथे अमेरिकेत वापरायची सोय नाही, कोणीतरी लगेच पोलिसांना फोन करेल! म्हणून कोणताही सॉफ्टवेअरवाला जे करतो तेच मी केलं. रात्री लॅपटॉप उघडला आणि सर्च करत बसलो. बोर्डला घाबरणाऱ्या मुलांसाठी टिप्स शोधता शोधता एका चौदा वर्षांच्या मुलीपाशी येऊन पोचलो आणि टिप्स राहिल्या बाजूलाच. पुढचे दोन वीकएंड मी तिच्याबद्दल जे मिळेल ते वाचत होतो.

तिचं नाव आयलीन रिगिन. 1920 च्या ऑलिंपिकमधे महिलांची स्प्रिंगबोर्ड डायव्हिंगची स्पर्धा पहिल्यांदाच झाली, त्यातली ती विजेती. वय चौदा वर्षं आणि 119 दिवस. उंची 4 फूट 7 इंच, वजन 65 पौंड, म्हणजे जेमतेम 29 किलो. इंडियाला जाताना आपण दोन बॅगा भरतो ना, त्यांच्यापेक्षाही कमी!

आयलीनचा जन्म 2 मे 1906 चा, र्‍होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा. वडील अमेरिकन नौदलात पगार आणि हिशेबाच्या खात्यात अधिकारी होते. नोकरी बदलीची. त्या बदल्यांमधे हे कुटुंब फिलिपाइन्सला गेलं. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. तिथे मनिलाच्या उपसागरात, सहाव्या वर्षी ही मुलगी पोहायला शिकली. कोमट, खारं, निळं पाणी. पुढे जे येणार आहे त्यासाठी हे लक्षात ठेवा.

नंतर कुटुंब न्यूयॉर्कला आलं. आयलीन बॅले शिकत होती. 1918 साली ती जगभरची फ्लूची साथ आली. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी मानमोडीची साथ म्हणून जिचं नाव असायचं, तीच. आयलीनलाही फ्लूने गाठलं. ती वाचली, पण अशक्त झाली, आणि तब्येत सुधारावी म्हणून तिला पुन्हा पोहायला घातलं. म्हणजे आजारपणातून उठलेल्या मुलीचा व्यायाम एवढाच सुरुवातीचा हेतू होता. दोन वर्षांनी ती ऑलिंपिकला होती!

पण मधली ही दोन वर्षं समजून घ्यायची तर एका क्लबबद्दल सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर मला या गोष्टीत आयलीनइतकाच हा क्लब आवडला. 1917 साली न्यूयॉर्कमधे विमेन्स स्विमिंग असोसिएशन नावाची संस्था निघाली. काढणारी शार्लट एप्स्टाईन. ही बाई कोर्टात लघुलेखनाची नोकरी करायची. दिवसभर ऑफिसात बसून संध्याकाळी पोहायला जागा मिळावी, एवढी साधी गरज असलेल्या काही नोकरदार बायका तिने गोळा केल्या. प्रशिक्षक होते लुई हँडली. यांचा जन्म रोमचा, म्हणजे हेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. 1904 च्या ऑलिंपिकमधे सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस या क्लबमधल्या बायकांना आणि मुलींना शिकवण्याचा एक पैसाही घेत नसे. सगळा कारभार स्वयंसेवकांचा. गणपतीच्या आदल्या रात्री हॉलमधे खुर्च्या लावणार्‍या आपल्या मंडळींना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आता जरा त्या काळाची कल्पना करा. 1912 साली स्टॉकहोमला महिलांचं पोहणं आणि डायव्हिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमधे आलं, आणि उंच मनोऱ्यावरून सूर मारण्यात स्वीडनच्या ग्रेटा योहान्सनने सुवर्णपदक मिळवलं. अमेरिकेने मात्र तिथे एकही बाई पाठवली नव्हती. अमेरिकन हौशी खेळांचा कारभार पाहणारे जेम्स सलिव्हन यांना बायकांनी चारचौघांत पोहण्याच्या स्पर्धा कराव्यात हेच मान्य नव्हतं. 1914 साली ते वारले, त्यानंतर कुठे दार किलकिलं झालं. समुद्रावर बायकांनी पायात लांब मोजे घालूनच पाण्यात उतरायचं, अशी रीत होती. याच क्लबच्या एथेल्डा ब्लायब्ट्रीने 1919 साली न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर मोजे काढून ठेवले, तर पोलीस आले होते असं सांगतात. हीच एथेल्डा पुढच्या वर्षी तीन सुवर्णपदकं घेऊन आली. मोज्यांचा विषय त्यानंतर फारसा कोणी काढला नसावा.

अशा क्लबमधे 1919 साली आयलीन सूर मारायला शिकू लागली. न्यूयॉर्कमधे तेव्हा डायव्हिंगला पुरेसा खोल असा बंदिस्त तलाव मिळणं मुश्किल. छप्पर खाली आणि तळ वर, अशी अवस्था. पाण्यात शिरल्याबरोबर हात वळवून वर यायचं, नाहीतर डोकं फरशीवर! उन्हाळ्यात समुद्राच्या भरती-ओहोटीवर भरणाऱ्या तलावात सराव चाले. भरतीला फळी पाण्याच्या जवळ, ओहोटीला तीच फळी खूप उंच. हवेत किती वेळ मिळणार हे चंद्रावर अवलंबून! कॉलेजला असताना फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला असलं काही सांगितलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं. एक मात्र खरं की बॅलेचा तिला उपयोग झाला. पायाची बोटं ताणलेली, पाठ सरळ, शरीर कुठे आहे याचं भान. ज्या वयात बाकीच्यांना हे शिकवावं लागतं, त्या वयात तिला ते येत होतं.

1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा महिला जलतरण संघ निवडला गेला. देशाचा हा पहिलाच असा संघ. त्यात आयलीन, आणि तिच्याच क्लबची, तिच्याच वयाची हेलन वेनराइट. दोघी निवड चाचणीतून रीतसर आलेल्या. तरीही ऑलिंपिकच्या अधिकाऱ्यांनी हात वर केले. लहान मुलींना एवढ्या लांब बोटीने न्यायचं, त्यांची जबाबदारी कोण घेणार, असा त्यांचा मुद्दा. बाप म्हणून मला तो मुद्दा अगदीच वेडगळ वाटत नाही, हे कबूल करतो. शाळेच्या ओव्हरनाइट ट्रिपचा फॉर्म भरताना माझा हात अडखळतो. पण या मुलींनी जागा आपल्या बळावर मिळवली होती आणि क्लबच्या बायका मागे हटेनात. त्या भांडल्या, सोबत मोठ्या बायका जातील याची हमी दिली, आणि शेवटी अधिकाऱ्यांनी मान तुकवली. शार्लट एप्स्टाईन स्वतः संघाची व्यवस्थापक म्हणून गेली.

बोटीचं नाव प्रिन्सेस मटोइका. ही सैन्याची वाहतूक करणारी बोट. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती आणि फ्रान्समधे पडलेल्या अमेरिकन सैनिकांची शवं परत आणण्याचं काम याच बोटीने नुकतंच केलं होतं. जुलैच्या शेवटी खेळाडू चढले तेव्हा खालच्या मजल्यांवर औषधांचा वास तसाच होता. पुरुष खेळाडूंना तिथे झोळ्यांमधे झोपायला दिलं होतं. जेवण वाईट, उंदीर, गर्दी. वाटेत त्यांनी लेखी निषेध केला, तो क्रीडा इतिहासात मटोइकाचं बंड म्हणून नोंदला गेला आहे. बायकांची सोय वरच्या केबिन्समधे होती, त्यामुळे आयलीनचे दिवस जरा बरे गेले. डेकवर ताडपत्रीचा एक हौद बांधून त्यात समुद्राचं पाणी भरलं होतं. तो इतका लहान की पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याने जागच्या जागी हातपाय मारायचे. ट्रेडमिलच म्हणा ना! डायव्हिंगवाल्यांची तर तेवढीही सोय नाही. सूर मारणार कुठे? आणि संध्याकाळी हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक कहानामोकू आणि त्याचे सोबती उकुलेले वाजवत बसत. चौदा वर्षांच्या मुलीला काय आठवलं असेल पुढे, तो वास की ती गाणी? म्हातारपणी तिने दोन्हींबद्दल सांगून ठेवलं आहे.

बोट 7 ऑगस्टच्या सुमारास अँटवर्पला लागली. युद्धात बेल्जियमचे जे हाल झाले त्याची कदर म्हणून 1920 चं ऑलिंपिक या शहराला दिलेलं होतं. तयारीला जेमतेम वर्षभर मिळालं. पाच कड्यांचा झेंडा ऑलिंपिकमधे इथेच प्रथम फडकला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला होता, आणि तो निघाला पुण्याहून! डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले. मॅरेथॉनला फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार, कुस्तीला नवले आणि रणधीर शिंदे. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमधे एकोणिसावे आले. म्हणजे आयलीन ज्या गावात सूर मारत होती, त्याच गावात त्याच महिन्यात आपली माणसंही होती. कोणाची कोणाशी गाठ पडली असेल असं नाही, पण तिथल्या त्या थंडीत दोघांचे हाल सारखेच झाले असणार.

कारण पाणी! खेळाडूंना वाटलं होतं छान बांधलेला तलाव असेल. प्रत्यक्षात तो शहराच्या जुन्या तटबंदीचा खंदक होता. मधला भाग लाकडी फळ्यांनी बंद केलेला, बाजूला प्रेक्षकांसाठी बाकडी, आणि फळ्या नि मनोरा उभा केलेला. पाणी काळं आणि बर्फासारखं गार. अमेरिकेतून आलेली मंडळी ते बघून थबकलीच. पोहून बाहेर आलेल्यांना कुडकुडताना घोंगड्यांत गुंडाळावं लागे, अंग चोळून गरम करावं लागे. मनिलाच्या पाण्यात शिकलेल्या मुलीपुढे हे पाणी होतं.

आणि सूर मारणाऱ्याचा प्रश्न पोहणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. पोहणारा वर असतो. सूर मारणारा खाली जातो. तिथे तळाला काय आहे? खंदकाच्या तळाला गाळ. वरून काहीच दिसत नाही. स्वच्छ निळ्या पाण्यात तळाच्या फरशा दिसतात, त्यामुळे हवेत गिरकी घेताना वर-खाली कळतं. काळ्या पाण्यात तो आधार नाही. आयलीनने पुढे सांगितलं आहे की तिला पराभवाची भीती नव्हती, तिला भीती होती ती गाळात रुतून बसण्याची. आपण खाली अडकलो तर या काळ्या पाण्यात आपल्याला कोणी शोधू शकणार नाही, हा विचार तिच्या डोक्यात फिरत होता. चौदा वर्षांच्या मुलीला शोभेल अशीच भीती. शिवाय अगदी रास्त. पट्टीच्या पोहणाऱ्याचाही विहिरीच्या गाळात पाय रुतल्याच्या गोष्टी आपण गावाकडे ऐकलेल्या असतात.

29 ऑगस्ट 1920. एक मीटर आणि तीन मीटर अशा दोन्ही स्प्रिंगबोर्डांवरून सूर मारायचे होते. त्या काळच्या फळ्या लाकडाच्या. आजच्या ॲल्युमिनियमच्या बोर्डसारखी उसळी त्यांना नाही, आणि 29 किलोच्या मुलीने उडी मारल्यावर लाकडाची फळी ती काय वाकणार? मोठ्यांना जी उंची फुकट मिळते ती हिला स्वतःच्या पायांनी मिळवायची होती.

एक खुलासा प्रामाणिकपणे करायला हवा. या स्पर्धेत एकूण चारच जणी होत्या आणि चारही अमेरिकन. त्यामुळे पदक अमेरिकेला मिळणार हे नक्कीच होतं, प्रश्न कोणाला एवढाच. पण आकडे पाहा. आयलीन 539.9, हेलन वेनराइट 534.8, थेल्मा पेन 534.1. पाचशेच्या वरच्या बेरजेत पहिल्या तिघींमधे सहा गुणांचंही अंतर नाही. एक सूर फसला असता तर पदकाचा रंग बदलला असता. भीती घेऊनच ती दर वेळी टोकाशी गेली, दर वेळी सूर मारला आणि दर वेळी वर आली. ज्या दोन मुलींना न्यायला नकार दिला होता त्या सुवर्ण आणि रौप्य घेऊन परत निघाल्या!

उंच मनोऱ्याच्या स्पर्धेतही तिने भाग घेतला, तिथे ती पाचवी आली. ते सुवर्ण डेन्मार्कच्या स्टेफनी फ्रीलंड क्लाउसेनचं. स्पर्धा संपल्यावर खेळाडूंना युद्धभूमी दाखवायला नेलं. खंदक, गंजलेली शिरस्त्राणं, पडलेले बूट. आयलीनने उत्सुकतेने एक बूट उचलला आणि आत पायाचे अवशेष दिसताच टाकून दिला. चौदाव्या वर्षी पदकाच्या जोडीला तिने हेही पाहिलं. हा प्रसंग मी लेकीला सांगितलेला नाही.

पुढची चार वर्षं धावत्या नजरेने बघू. तिने देशातली अनेक विजेतेपदं मिळवली. 1922 च्या सुमारास ग्रँटलंड राइस या नामांकित क्रीडा पत्रकाराने तिच्यावर पाण्याखालच्या आणि स्लो मोशनच्या फिल्म्स बनवल्या. असलं चित्रीकरण तेव्हा नवलाचं होतं. आज प्रत्येक कोच फोनवर व्हिडिओ काढून मुलांची चूक दाखवतो, त्याचा हा पणजोबा.

1924 ला पॅरिस. इथला तलाव मात्र खराखुरा, 50 मीटरचा, लेन आखलेला. पण अमेरिकन मुलींना शहरापासून इतक्या लांब ठेवलं होतं की रोजचे कित्येक तास जाण्यायेण्यात मोडत. कम्यूटला आपण वैतागतो, त्या तर स्पर्धेच्या दिवशीही तेच करत होत्या. आयलीनला स्प्रिंगबोर्डमधे या वेळी रौप्य मिळालं, सुवर्ण तिची सहकारी एलिझाबेथ बेकरने नेलं. शिवाय 100 मीटर बॅकस्ट्रोकमधे ब्राँझ, वेळ 1 मिनिट 28.2 सेकंद. एकाच ऑलिंपिकमधे पोहणं आणि डायव्हिंग अशा दोन्हींत पदक मिळवणारी ती पहिली महिला. हे दोन्ही खेळ एकाच पाण्यात होतात म्हणून सारखे वाटतात, पण एकाला दम लागतो आणि दुसऱ्याला नेमकेपणा. एकाच माणसाने टेस्टिंग आणि सेल्स दोन्ही करण्यासारखं आहे ते.

1926 साली, वीस वर्षांची असताना तिने हौशी खेळाला रामराम ठोकला. तेव्हाचा नियम कडक होता. खेळातून एक डॉलर जरी कमावला तरी ऑलिंपिकचा दरवाजा कायमचा बंद. पदकावर पोट भरत नाही, आणि मुलींना तर खेळानंतर नोकरीची वाटही नीट नव्हती. आयलीनने न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम थिएटरमधे पैसे घेऊन सूर मारले. त्याच वर्षी 6 ऑगस्टला तिच्या क्लबची गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली महिला ठरली आणि जुन्या मैत्रिणींचं एकत्र गावोगाव फिरणं सुरू झालं. आयलीन, गर्ट्रूड आणि ती अँटवर्पची हेलन. थिएटरच्या स्टेजवर मोठी टाकी ठेवायची, त्यात पोहायचं, सूर मारायचे, संपलं की टाकी गुंडाळून पुढच्या गावाला. सर्कसच जवळजवळ. काही लोकांना हे ऑलिंपिक विजेत्यांना कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. आपल्या हातच्या कलेवर आपलं घर चालवलं, त्यात कमीपणा कसला?

त्यानंतर तिने इतकी कामं केली की रेझ्युमे दोन पानांत बसला नसता. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात खेळांवर लिहिलं, कॉलियर्ससारख्या मासिकांत लेख आले. 1933 च्या रोमन स्कँडल्स या हॉलिवूडपटात ती नाचली, आणि पुढे सोन्या हेनीच्या एका चित्रपटात स्केटिंगही केलं. 1937 साली क्लीव्हलंडच्या प्रदर्शनात बिली रोझने पाण्यावरचा भव्य तमाशा उभा केला, अ‍ॅक्वाकेड नावाचा, त्याच्या उभारणीत तिचा हात होता. तिचा सर्वात लहान सुवर्णविजेत्या अमेरिकन मुलीचा मान 1936 ला मार्जोरी गेस्ट्रिंगकडे गेला होता. ती तेरा वर्षांची, आणि खेळ तोच, स्प्रिंगबोर्ड.

1957 साली आयलीन हवाईला राहायला गेली. बोटीवर उकुलेले वाजवणाऱ्यांचा मुलूख. शेवटी पाणी पुन्हा कोमट मिळालं! 1967 साली आंतरराष्ट्रीय जलतरण हॉल ऑफ फेममधे तिचं नाव लागलं. इथे बहुतेकांची गोष्ट संपते. हिची नाही. वयस्कर पोहणाऱ्यांच्या ज्या मास्टर्स स्पर्धा असतात त्यांत ती उतरू लागली, आणि पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर त्या वयोगटातले अनेक जागतिक विक्रम तिने आपल्या नावावर केले. पंच्याऐंशी! माझी चाळिशी अजून यायची आहे आणि दोन लॅप मारले की मी भिंत धरून उभा असतो.

अँटवर्पच्या तिच्या सोबत्यांपैकी हॅल प्रिस्ट नावाचा एक डायव्हर होता, ब्राँझवाला. ड्यूक कहानामोकूने पैज लावली म्हणून याने तिथला ऑलिंपिकचा झेंडाच खांबावर चढून पळवला, आणि ऐंशी वर्षं सुटकेसमधे ठेवून 2000 साली सिडनीला परत केला. तेव्हा त्याचं वय 103. तो 2001 साली गेला. आयलीन 17 ऑक्टोबर 2002 ला होनोलुलूमधे गेली, वयाच्या 96 व्या वर्षी.

लेकीला मी ही गोष्ट सांगितली, बुटाचा भाग वगळून. तिने एकच प्रश्न विचारला. आमच्या पूलच्या तळाला गाळ आहे का? मी म्हटलं नाही, फरशा आहेत, निळ्या. तिने पुढच्या शनिवारी बोर्डवरून वाकून त्या नीट तपासल्या. सूर त्या दिवशीही मारला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मारला, पोटावर पडली, आणि रडत बाहेर येऊन परत रांगेत जाऊन उभी राहिली.